पहिला खांदा

माझी बायको शालन गेल्याचं मला शाळेच्या फाटकाबाहेरून सांगितलं गेलं. मी आत होतो, तिसरीच्या वर्गात. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्यावर तिच्या संपर्कातला म्हणून मला तिथं ठेवलं होतं. एक सतरंजी, पाण्याची कळशी आणि भिंतीवर रंगवलेले पाढे. उन्हं वर आली तेव्हा संपत निकम फाटकाशी आला. संपत म्हणजे आमचा सरपंच. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, दोन पावलं मागं पोलीस पाटील.

"आनंदा, भाईर ये जरा. पर लांबच ऱ्हा."

मी व्हरांड्यात आलो.

"दवाखान्यातनं फोन आलता. वहिनी गेल्या."

मी विचारलं, "आणणार कधी?"

"आणत न्हाईत. तितंच करत्यात सगळं. नियम हाय."

"मग मला सोड. मी जातो."

"तुला कसा सोडू? तुझा रिपोट यायचाय अजून. मी सोडला तर उद्या सगळीच म्हंत्याल, आमालाबी सोडा." त्यानं टॉवेल नीट केला. मग म्हणाला, "मी म्हनतच हुतो, शाळंतल्या मुंबैकरांचा सैपाक वहिनींनी करू नये. हितनंच घेतला त्यांनी."

ते शेवटचं वाक्य त्यानं पोलीस पाटलाकडं बघून म्हटलं. दुपारपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं. शालननं शाळेतनं रोग आणला. तिनंच गुरवाला दिला, तिनंच निकमांच्या आळीला दिला. पुढं गावात जे जे मेलं, ते तिच्या नावावर पडलं.

मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचं गाव त्या साली लवकर बंद झालं होतं. दोन्ही रस्त्यांवर बांबू आडवे टाकले होते. पाळीपाळीनं माणसं नाक्यावर बसायची, मीही बसायचो. मुंबईहून जो येईल त्याला आधी शाळेत चौदा दिवस राहायला लागायचं, मग घरी. कुणाचा पोरगा असो, जावई असो. एका बाईनं पोराला बांबूच्या पलीकडून बघून रडून घेतलं, पण बांबू उचला म्हणाली नाही. शेजारच्या पिंपळवाडीनं रस्ते उघडे ठेवले, दोन लग्नंही केली. तिथं घराघरांत माणूस आजारी पडलं. आमच्यात खोकलासुद्धा नव्हता. लोक चेष्टेनं म्हणायचे, आपल्या गावाला रस्ताच सापडत नाही त्या रोगाला.

शालन शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पोरं घरी बसल्यावर ती शाळेतल्या मुंबईकरांना शिजवायला लागली. चूल तिनं शाळेच्या मागं लिंबाखाली मांडली होती. पातेलं पायरीवर ठेवायची, पळीनं कठड्यावर ठण ठण वाजवायची आणि मागं सरायची. ती लिंबाखाली पोचल्यावर मगच आतली माणसं बाहेर यायची. कुणी जवळ यायला लागलं तर पळी उगारायची. एकदा दत्तू जाधव म्हणून एक हमाल, धिप्पाड माणूस, तिला म्हणाला, "काकी, मीठ कमी पडलंय, जरा हातानं द्या की."

"पळीनं देऊ का पाठीत?" ती म्हणाली.

त्या शाळेतल्या एकालाही ताप आला नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या भैरोबाची यात्रा वैशाखात असते. त्या साली यात्रा नाही, फक्त पाच माणसांत छबिना काढा, असा तहसीलदारांचा हुकूम होता. पालखी देवळातून उचलायची, पिंपळाला फेरी घालायची, परत आत. पण छबिन्याला मान आहेत. पालखीला पहिला खांदा निकमांच्या घरातल्या थोरल्यानं द्यायचा. तो खांदा देण्याआधी शेवाळ्यांच्या घरच्या सवाष्णीनं त्याचे पाय धुवायचे, पदरानं पुसायचे, कपाळाला कुंकू लावायचं. मग नैवेद्याच्या ताटातला पहिला घास त्यानं खायचा आणि उरलेलं ताट तिनं तिथंच बसून संपवायचं. घरी न्यायचं नाही, टाकायचं नाही. मग शेवाळ्यांचा नारळ फुटतो आणि पालखी उठते. शेवाळे म्हणजे आम्ही. माझ्या आज्जीनं केलं, आईनं केलं, मग शालननं.

निकमांच्यातला थोरला म्हणजे हिंदुराव, संपतचा भाऊ. तो मुंबईला, भाजीच्या बाजारात माथाडी. टाळेबंदीत तिकडंच अडकलेला. मी संपतला म्हटलं होतं, "ह्या वर्षी तूच दे की खांदा." तर तो मला म्हणाला होता, "आनंद्या, थोरला जिता असताना धाकट्यानं खांदा दिला तर देव रानात जातो. असलं तोंडातनं काढू नगंस."

आणि छबिन्याच्या दिवशी हिंदुराव हजर झाला. संपतनं सांगितलं, दादा कधीचाच आलाय, मळ्यातल्या शेडात चौदा दिवस काढलेत, पंचायतीला माहीत आहे. मी त्या दिवशी नाक्यावर होतो. पाच माणसांत माझा नंबर नव्हता. देवळात पुजारी गुरव, दोघं निकम भाऊ, त्यांची आई पारूकाकू आणि शालन. पाचांच्या तोंडाला फडकी होती, फरशीवर चुन्याचे गोल काढले होते. संध्याकाळी शालन घरी आली तेव्हा म्हणाली, "आवं, पुरणपोळी खरंच चांगली झालीती." बाकी काही बोलली नाही.

पुढं हिंदुरावाला ताप आला. त्याला खाजगी गाडीनं कराडला नेलं आणि गावात सांगितलं, टायफॉईड. मग शालनला खोकला. मग गुरव, मग निकमांची आळी. गुरव वाचला, शालन नाही.

मी शाळेतून सुटून घरी आलो आणि गिरणी सुरू केली. मी दळण दळतो. पण कुणी दळायला येईना. लोक डब्यात धान्य भरून पिंपळवाडीला जायला लागले. ज्या पिंपळवाडीत घराघरांत रोग होता, तिचं पीठ चालत होतं, माझं चालत नव्हतं. गिरणीच्या पट्ट्यावर कोळ्यानं जाळं केलं.

भाद्रपदात पारूकाकू आली. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. म्हातारी, पाय वाकलेले, कुणी पाठवलेलं नव्हतं, आपणहून आली होती. गाठोडं उतरून ती उंबऱ्यातच बसली.

"दळून दे लेकरा."

मी पट्टा झाडला, दळायला घेतलं. गिरणीच्या आवाजात ती काहीतरी बोलली. मी गिरणी बंद केली.

"काय म्हणालीस काकू?"

"तिनं इच्यारलं हुतं."

"कुणी?"

"शालननं. देवळात. तांब्या हातात धरून हुबी हुती. हिंदुराव फुडं पाय करून हुबा. तिनं पानी वतलं न्हाई. म्हनली, भावजी, चौदा दिस झालं न्हवं? हिंदुराव काय बोलला न्हाई. संपतच बोलला. म्हनला, वहिनी, झालं, म्या सोता मोजल्यात. तवा तिनं पानी वतलं."

"आणि झाले होते?"

पारूकाकूनं उंबऱ्यावर सांडलेली ज्वारी वेचायला घेतली. "आदल्या रातीला आलता त्यो. भाजीच्या टेंपोतनं, नदीच्या अंगानं. खोकत आलता. म्याच काढा दिला."

मी तिचं पीठ गाठोड्यात भरलं. डोक्यावर ठेवलं. जाताना ती म्हणाली, "म्या सांगितलं म्हनून सांगू नगंस बाबा. पोटचा हाय."

पुढच्या वर्षीही यात्रा झाली नाही. रोग परत आला होता. त्याच्या पुढच्या वर्षी सगळी बंधनं उठली आणि यात्रा भरायची ठरली. तोवर लोक पुन्हा माझ्याकडं दळायला यायला लागले होते. दळता दळता मी ऐकायचो. "कशाची बंदी आन् काय. बांबू टाकून काय उपेग झाला? यायचा त्यो आलाच की. शाळंतनंच आला." मी पिठाची धार बघत बसायचो.  मला गिरणीत बोलायचं नव्हतं. मला हवा होता संपत, आणि तोही सगळं गाव उभं असताना.

मी पुण्याहून सुनेला बोलावून घेतलं, मुलाला रजा मिळाली नाही. सून रूपाली म्हणाली, "मामा, पाय धुवायचा मान आता माझ्याकडे ना? मला सगळं नीट सांगा, चुकायला नको."

"तू फक्त तांब्या घेऊन उभी राहा," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा ओत."

यात्रेच्या दिवशी मी दाढी केली, नवा फेटा बांधला. तीन वर्षांनी भरलेली यात्रा. मुंबईकर, पुणेकर, लेकीबाळी, देवळापुढं पाय ठेवायला जागा नाही. हलगी वाजत होती, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. ऊन माथ्यावर होतं. पालखी देवळाच्या दारात तिकाटण्यावर, म्हणजे लाकडी तिवईवर, ठेवलेली. हिंदुराव फरशीवर अनवाणी उभा राहिला. खूप वाळला होता तो. फुफ्फुसं गेली होती, चार पायऱ्या चढून आला तरी छाती वरखाली होत होती. संपत पांढऱ्या कपड्यात शेजारी.

रूपाली तांब्या घेऊन पुढं झाली. मी म्हटलं, "थांब. खाली ठेव तो."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तांब्या फरशीवर ठेवला.

गुरव म्हणाला, "आनंदा, काय राहिलंय का?"

"व्हय. एक गोष्ट राहिलीय. ती झाल्याशिवाय पाय धुतले जाणार नाहीत आणि नारळ फुटणार नाही."

हलगीवाला आधी थांबला. मग बाकीचे.

संपत हसत पुढं आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काय पायजे तुला? रातच्याला बसू की घरी."

"घरी नको. इथं. शालननं तुला काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते ह्या सगळ्यांना सांग. दुसरं काही मागत नाही."

त्याचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. तो वळून मोठ्यानं म्हणाला, "बगा मंडळी, आनंदानं देवाला अडवलाय."

"देवाला नाही," मी म्हटलं. "तुला."

गर्दीतून आवाज आले. "आरं बायकू मेली म्हनून गावाचा देव धरायचा व्हय?" "आमचीबी मेल्यात की मानसं." "कुनाकुनाला इच्यारत बसनार?" एक पोरगा मागून ओरडला, "आन्ना, नारळ न्हाई दिला तर आमी सोड्याची बाटली फोडू," आणि बरेच जण हसले. मी हसणं संपेपर्यंत थांबलो.

मग म्हटलं, "तुम्ही म्हणता रोग शाळेतनं आला. शाळेत राहिलेले आज किती आलेत इथं? कुणाला ताप आला होता त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही. दत्तू जाधव गुलालानं माखलेला उभा होता. तो म्हणाला, "खरं सांगायचं तर आमाला काय झालं न्हवतं. आमी ठनठनीत हुतो. काकी तर जवळबी येऊ देत न्हवती." त्याच्या बायकोनं त्याचा सदरा ओढला. 

"जी माणसं शाळेत राहिली त्यांच्याकडनं कुणाला काही झालं नाही," मी म्हटलं. "जो एक राहिला नाही, त्याच्याकडनं झालं. तो कसा आला, कुणी आणला, सांग संपत. मळ्यात किती दिवस होता सांग. शालननं तुला विचारलं होतं, आणि तू म्हणालास, मी स्वतः मोजलेत."

"कोन म्हनतंय?" संपत म्हणाला. "कुनी ऐकलं? गुरवा, तू हुतास. ऐकलंस?"

गुरव म्हणाला, "मी गाभाऱ्यात आरतीची तयारी करत हुतो."

"बघ. आजून कोन हाय?"

पारूकाकू बायकांच्या पुढं बसलेली होती. मी तिचं नाव घेणार नव्हतो. मी घेतलंही नाही. पण मी तिच्याकडं बघितलं आणि माझ्याबरोबर संपतनंही बघितलं. तो आईकडं बघत राहिला. म्हातारीनं डोक्यावरचा पदर खाली ओढला, नाकापर्यंत, आणि तशीच बसून राहिली.

"झालं?" संपत म्हणाला.

"झालं नाही. मला दुसऱ्या कुणाचं नकोच. तुझ्या तोंडानं पाहिजे. नाहीतर राहू दे पालखी इथंच. मला दळणाची घाई नाही."

मला खरंच घाई नव्हती. मी दोन वर्षं ह्याच घटकेसाठी जगलो होतो. ऊन तापत होतं आणि हिंदुराव अनवाणी पायांनी त्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होता. कुणी त्याच्या पायाखाली पोतं टाकायला गेलं, तर तो नको म्हणाला. मला त्याचे पाय भाजलेले बरे वाटले, हे मी लपवत नाही. लोकांच्या कपाळावरून गुलाल ओघळायला लागला. पोरं रडायला लागली. भोई कंबरेला हात लावून उभे होते.

माझा चुलतभाऊ महादेव जवळ आला. "आन्ना, सोड आता. भावकीची आब्रू जातीय."

"भावकी कुठं होती, माझी गिरणी बंद होती तेव्हा? तू कुठं दळून आणत होतास रे?"

तो मागं गेला.

मग हिंदुराव बोलला. त्याला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, पुढच्या चार रांगांनाच ऐकू गेलं असेल. "संपत, आनंदा म्हंतुय ते कर. त्याबिगर मी खांदा देत न्हाई."

"दादा, ऊन लागलंय तुमाला. सावलीला बसा."

"ऊन न्हाई लागलं. त्यानं नारळ दिल्याबिगर मी पालखीला हात लावत न्हाई. मान त्याचा हाय."

 मला वाटलं, आता होतंय. संपतनं गर्दीकडं बघितलं. मुंबईकरांकडं, लेकीबाळींकडं, पुढच्या निवडणुकीला मत देणाऱ्या सगळ्यांकडं. त्यानं तोंड उघडलेलं मला दिसलं. तो बोलणार होता, हे मी आजही सांगतो.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आरं उचला की, देव तापायलाय!"

संपतनं डोक्यावरची टोपी नीट केली. दोन पावलं पुढं टाकली. आणि पालखीच्या दांडीखाली आपला खांदा घातला. पाय न धुता, कुंकू न लावता, नारळ न फोडता. थोरला भाऊ हाताच्या अंतरावर जिवंत उभा असताना.

"भैरोबाच्या नावानं," तो ओरडला.

"चांगभलं!" सगळं गाव ओरडलं. एकही माणूस मागं राहिला नाही, एकानंही हरकत घेतली नाही. गुरवानं घंटा वाजवली. महादेवानं दुसऱ्या बाजूनं दांडी धरली. हलगी कडकडली आणि पालखी उठली, अगदी सहज उठली, आणि गुलालाच्या धुरळ्यातून पिंपळाकडं गेली.

पारूकाकूलाही बायकांनी उठवून नेलं. देवळापुढं आम्ही तिघं उरलो. मी, रूपाली आणि हिंदुराव. तो पायरीवर बसला. बराच वेळ त्याला दम लागला होता.

"त्यो मला फोनवर म्हनला हुता," हिंदुराव म्हणाला, "दादा, तू आलाच न्हाईस तर छबिना हुनार न्हाई, गावावर कोप हुईल. मला यायचं न्हवतं आनंदा. कणकण हुती अंगात. मी म्हनलं, तूच दे खांदा. म्हनला, न्हाई चालत."

पालखी पिंपळाला वळली होती. पुढं संपतचा पांढरा सदरा दिसत होता.

"तिनं विचारलं तेव्हा तू का बोलला नाहीस?" मी विचारलं.

"घास तोंडाम्होरं आला तवा तरी बोलाया पायजे हुतं." त्यानं तोंड पुसलं. "न्हाई बोललो."

"आता बोलशील? पालखी परत आल्यावर? आत्ता मला सांगितलंस ते सगळ्यांसमोर?"

त्यानं पाय मांडीवर घेऊन चोळला. तळवे लाल झाले होते. "आवशीदं, दवाखाना, समदं तोच बगतो माजं," तो म्हणाला. "मी जाऊन मुंबैला काय करू ह्या छातीनं?"

रूपालीनं मला विचारलं, "मामा, ह्यांचे पाय धुऊ का?"

"नको," मी म्हटलं.

आम्ही पालखी परत यायच्या आत घरी आलो. हिंदुराव त्याच हिवाळ्यात गेला. पारूकाकू त्याच्यामागून गेली. आमचा मान आता महादेवाच्या घरी आहे, आणि संपत थोरला म्हणून रीतसर खांदा देतो. तो अजून सरपंच आहे. गावात अजून म्हणतात की शाळेत सैपाक करणाऱ्या बाईनं रोग आणला आणि बांबू टाकून काही उपयोग झाला नव्हता.

मी दर यात्रेला पहिल्या रांगेत जाऊन उभा राहतो, त्याला मी दिसेन असा. तो माझ्याकडं बघत नाही. शालननं त्याला विचारलं होतं, आणि तो खोटं बोलला होता. हे त्यानं गावासमोर अजून सांगितलेलं नाही.